नोंदवलं म्हणजे अर्धं झालं

आमचे घरमालक उभ्या आयुष्यात एकही काम विसरले नाहीत. त्यांनी केलंही नाही, पण ती गोष्ट वेगळी. विसरणं आणि न करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, असं ते मला ओट्यावर बसून समजावून सांगत, आणि वर माझ्या खोलीतला नळ ठिबकत असे.

मी तेव्हा नेरच्या कॉलेजात ग्रंथालयात लागले होते. माझं गाव राळेगाव, रोज जाणं-येणं शक्य नव्हतं, म्हणून खोली शोधत होते. कोणीतरी या घराचा पत्ता दिला. गेले तर ओट्यावर एक साठी ओलांडलेला माणूस मांडीवर जुना, पाटावरवंट्याएवढा जड लॅपटॉप घेऊन बसलेला. पडदा काळाकुट्ट. त्यावर नुसती पांढरी अक्षरं. चित्र नाही, चौकट नाही, काही नाही.

"बिघडला का हो काका?" मी आपली चौकशी केली.

"बिघडलेलं तुमचं असते," ते मान वर न करता म्हणाले. "रंगीबेरंगी चित्रं, अन् त्याच्यावर टिचक्या मारून राह्यले दिवसभर. इथं शब्द टाईप करायचा. हुकूम द्यायचा. मशीन ऐकते."

मग त्यांनी माझ्यादेखत काहीतरी टाईप केलं, एंटर मारला आणि समाधानानं माझ्याकडे पाहिलं. "झाल्या तुम्ही."

"काय झाले?"

"पूर्ण. 'वरच्या खोलीत भाडेकरू ठेवणे' हे काम होतं. डन केलं."

नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, माणसं कोण, जेवणाचं काय, काही नाही. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मी ओट्यावर उभ्या-उभ्या पूर्ण झाले.

काका मूळचे नेरजवळच्या बंजारा तांड्यावरचे. तांड्यावरून पुण्याला जाऊन कॉम्प्युटर शिकलेले ते पहिलेच, आणि एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात त्यांची सारी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर परत आले, नेरला घर बांधलं, तांड्यावरची शेती हातात घेतली. येताना ही काळी पाटी घेऊन आले. तिच्यावर मराठी अक्षरं नीट उमटेनात, काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. ती जागेवर बसवायला त्यांनी अख्खा महिना घातला म्हणे. त्या महिन्यात गोठ्याचं छप्पर उडालं, ते मात्र अजून बसायचं होतं. पण नोंद होती!

त्यांची कामं लिहिण्याची पद्धत मला इतक्यांदा ऐकावी लागली की आता झोपेतही सांगेन. काम सुचलं की 'ॲड' लिहायचं आणि काम लिहायचं. कधीपर्यंत करायचं ती तारीख म्हणजे 'ड्यू'. इतक्यात नको असेल तर 'वेट' लावायचं. मग ते काम त्या तारखेपर्यंत डोळ्यांसमोरून गायबच होतं. एक काम दुसऱ्यावर अडलं असेल तर तसं सांगायचं. आणि झालं की 'डन'. तारीख उलटली तर ती ओळ लाल होते. पण काकांच्या पडद्यावर मी कधी लाल ओळ पाहिली नाही. लाल व्हायची वेळ आली की ते तारीख पुढे ढकलत. शिस्तीचा माणूस!

"ताई, एक ध्यानात ठेवा," ते म्हणत, "नोंदवलं म्हणजे अर्धं झालं."

हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणत की एकदा काकूंनी दुपारी रिकामं ताट त्यांच्यापुढे ठेवलं. "सैपाक नोंदवला जी. अर्धा झाला. जेवून घ्या."

काकांनी ताटाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "ड्यू किती वाजताचा टाकला?"

काकूंनी ताट उचलून आत नेलं.

माझ्या नळाचीच गोष्ट घ्या. मी तक्रार केली. नोंद झाली. आठवड्यानं विचारलं तर म्हणाले, "अडलेलं आहे." नळ अडला होता मुस्तफाभाईंवर. मुस्तफाभाई म्हणजे गावातले मोटार-पंप, नळ, टाक्या सगळं बघणारे मिस्त्री. मुस्तफाभाईंना बोलावणं अडलं होतं त्यांचा नवा नंबर मिळवण्यावर. नंबर मिळवणं अडलं होतं बाजारात जाण्यावर. बाजारात जाणं स्कूटरवर, आणि स्कूटर पंक्चरवर. पंक्चर काढायचं तर स्कूटर ढकलत न्यायची ती मुस्तफाभाईंच्याच दुकानाशेजारी. हे मी बोलून दाखवलं, तर काकांचा चेहरा खुलला. "हाव ना! म्हणूनच तर हे मशीन पाहिजे. माणसाच्या ध्यानात राहते काय एवढं?"

शेवटी मी कॉलेजातून येताना मुस्तफाभाईंना सांगून आले. ते संध्याकाळी आले, पाचच मिनिटांत वायसर बदलून चहा पिऊन गेले. मला वाटलं काका खूश होतील. कसलं काय! दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. "तुम्ही मधातच काम केलं," असं त्यांचं म्हणणं. मग खालपासून एकेक काम उसासा टाकत डन करत बसले. आणि तो नळ महिन्यानं परत ठिबकायला लागला, तेव्हा मी तोंडातून शब्द काढला नाही. खाली बादली ठेवली.

एक सांगायला हवं, माणूस मनाचा वाईट नव्हता. तांड्यावरची पोट्टी कॉलेजच्या फॉर्मासाठी यायची तर त्यांना बसवून घ्यायचे, चहा पाजायचे. मी तापानं फणफणले होते तेव्हा दर दोन तासांनी वर येऊन ताप विचारून गेले. गोळी मात्र काकूंनी आणली.

काकूंबद्दल सांगते. काकूही तांड्याच्याच. सातवीपर्यंत शिकलेल्या. आमच्याशी वऱ्हाडी, बहिणीशी फोनवर बंजाऱ्यांच्या गोर बोलीत, आणि काकांशी बहुतेक वेळा नुसत्या भांड्यांच्या आवाजात बोलायच्या. आरशांचं भरतकाम त्यांच्या हातात होतं. त्यांची लेक पुण्याला, आणि लेकीची लेक यंदा पहिल्यांदा श्रावणात तांड्यावर तीजेला येणार होती. तीजेला तांड्यावरच्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणत नाचतात. नातीनं बाजारातला घागरा घालून नाचावं हे काकूंना मान्य नव्हतं. त्या तिच्यासाठी स्वतःच्या हातानं फेटिया भरत होत्या. फेटिया म्हणजे आरसे लावलेला घागरा. लाल कापड, त्यावर बोटाच्या नखाएवढे आरसे, प्रत्येक आरशाभोवती टाके.

पण आरसे वाकडे लागायला लागले. मग सुई ओवता येईना. मग एके दिवशी माझ्या चहात मीठ पडलं, आणि मी ते सांगितल्यावर काकू पदरात तोंड घालून रडल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर पार पिकलेला. यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लवकर ऑपरेशन करून घ्या, तारीख फोन करून कळवतो.

काकांनी दवाखान्यातच उभं राहून मोबाईलवरून नोंद केली. म्हणजे अर्धं ऑपरेशन तिथंच झालं.

त्या मशीनची आणखी एक खोड होती. ते प्रत्येक कामाला गुण देई. तारीख जवळ आली की गुण वाढायचे, आणि ज्याचे गुण जास्त ते काम वर. काकूंनी एकदा ओट्यावर भाजी निवडताना विचारलं, "माह्या डोयाले किती गुण हाय जी?"

काकांनी बघून सांगितलं. काकूंचा डोळा ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या खाली होता आणि गॅसच्या सिलिंडरच्या वर.

"चाला," काकू म्हणाल्या, "सिलिंडरच्या वर त हाय."

होळी झाली. काकू विचारायच्या, "आला काय दवाखान्याचा फोन? तारीख कवाची हाय?" काका म्हणायचे, "आलता फोन. टाकली तारीख. वेळ आली की मशीन सांगते. तू डोक्स नको खाऊ." तारीख बायकोला सांगावी, असं त्यांच्या मनात आलं नाही. मशीनला सांगितली होती ना!

आता जे घडलं ते नीट सांगते, कारण असली चूक जगात दुसऱ्या कोणत्याही घरात होणं शक्य नाही.

त्या यादीत प्रत्येक कामाला नंबर असतो. रेशनच्या रांगेतला एक माणूस गेला की मागचे पुढे सरकतात, तसे एक काम डन झालं की खालच्यांचे नंबर बदलतात. त्या दिवशी सकाळी काकांनी यादी पाहिली. पहिल्या नंबरवर 'चक्कीवरून पीठ आणणे'. चौथ्यावर 'पाण्याची टाकी धुणे'. पाचव्यावर काकूंचं ऑपरेशन. मग काकूंनी चक्कीवरून पीठ आणायला पाठवलं, ते त्यांनी आणलं आणि डन केलं. यादी सरकली. दुपारी मुस्तफाभाई येऊन टाकी धुऊन गेले. काकांनी यादी परत न बघता, सकाळचा नंबर आठवून, रुबाबात टाईप केलं, 'चार डन'.

टाकी राहिली. ऑपरेशन झालं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मुस्तफाभाई परत आले. काकांनीच बोलावलं होतं. "चाचा, परसोंच तो धोयी टाकी," ते बिचारे म्हणाले.

"यादीत बाकी दिसून राह्यली," काका म्हणाले. "धुवा."

मुस्तफाभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं, आणि ते वर चढून स्वच्छ टाकी परत धुऊ लागले. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. त्यांना स्पीकर लावायची सवय होती, त्यामुळे सगळं ओट्यावर ऐकू आलं. यवतमाळहून दवाखान्यातली मुलगी बोलत होती. "पेशंट अजून आले नाहीत. आज ऑपरेशन आहे, डॉक्टर थांबलेत."

"झालं ना ते," काका म्हणाले.

"काय झालं?"

"ऑपरेशन. परवा झालं."

"कोणत्या दवाखान्यात?"

काकांनी एका हातानं काहीतरी टाईप केलं. "थांबा, पाहून सांगतो. हे काय, डन दिसते ना. तारखेसहित दिसते."

काकू आतून आल्या. ताटात तांदूळ होते, बोटांनी चाचपून खडे काढत होत्या. त्या उंबऱ्यात थांबल्या.

"माह्या डोयाचं आप्रेशन झालं," त्या म्हणाल्या, "अन् मलेच नाही समजलं?"

वर मुस्तफाभाईंचा ब्रश घासल्याचा आवाज येत होता. काकूंनी वर तोंड केलं. "टाकीले दोनदा धुतलं बाप्पा. डोयाले एकदाबी नाही." मग आत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मला इतका संताप आला होता की तो लॅपटॉप उचलून त्या दोनदा धुतलेल्या टाकीत टाकावा असं वाटलं.

त्या दिवशीची वेळ तर टळलीच. त्यानंतर डॉक्टर बाहेरगावी गेले, मग दवाखान्यात गर्दी, आणि पुढची तारीख मिळाली ती थेट जूनमधली. तोवर काकूंना माणूस आवाजावरून ओळखावा लागायला लागला. फेटिया अर्धा भरून पेटीत गेला. "तिजेपर्यंत नाही झालं त बाजारातलाच घ्या लागन," त्या एकदा म्हणाल्या, आणि ते इतक्या हळू म्हणाल्या की मला त्यांच्या ओरडण्याचीच सवय बरी वाटली.

दवाखान्यातली मुलगी शहाणी होती. दुसरी तारीख तिनं काकांना सांगितली, आणि माझा नंबर मागून घेऊन मलाही सांगितली.

तारखेच्या आदल्या दिवशी काका ओट्यावर टकटक करत होते. मी विचारलं, "उद्या कितीची एसटी धरायची?"

"उद्या जमत नाही," ते म्हणाले. "ते पेरणीवर अडलेलं आहे. पेरणी बियाण्यावर. बियाणं तांड्यावर न्यायचं आहे, ते ट्रॅक्टरवर, अन् ट्रॅक्टरची बॅटरी..."

"काका, डोळ्याचा अन् पेरणीचा काय संबंध? काकू पेरून राह्यल्या काय?"

"मी पेरणीले गेलो त हिच्याजवळ कोण थांबन? सगळं एकमेकांत आहे ताई. तुम्हाले नाही समजायचं."

काकू दारात उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले तर काकू नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन तयार. काका ओट्यावरच. काकूंनी माझा हात धरला आणि आवाजाच्या दिशेनं म्हणाल्या, "मी चाल्ली यवतमाळले. पोरीसंग. तुमच्या डब्यात नोंदवून ठेवा."

"अवं, कायले असं करतं? अडलेलं आहे म्हटलं ना."

"तुमचं अडलं. माहं नाही अडलं."

एसटीत काकू खिडकीशी बसल्या. बाहेर काही दिसत नव्हतं, तरी बाहेरच बघत होत्या. मला भीती वाटत होती. राळेगावची मी, माझ्या सख्ख्या आईला कधी दवाखान्यात नेलं नव्हतं, आणि घरमालकिणीला घेऊन निघाले होते.

दवाखान्यात सगळं रांगेत झालं. रक्तदाब झाला, डोळ्यात थेंब घातले, उजव्या भुवईवर खूण केली. मग नर्सनं कागद पुढे केला. "नातेवाइकाची सही."

"मी करते," मी म्हणाले.

"तुम्ही कोण यांच्या?"

"भाडेकरू."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की बस. "भाडेकरूची नाही चालत बाई. घरचं माणूस आणा. नाही तर पुढचा पेशंट घेतो." आणि खरंच पुढच्या पेशंटला हाक मारली. काकू हिरव्या टोपीत, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "राहू दे पोरी," त्या म्हणाल्या. "चाल घरी." मला रडू फुटायचंच बाकी होतं.

तेवढ्यात जिन्यावरून मुस्तफाभाईंचा आवाज आला, "इदर चाचा, इदर," आणि मागून काका. केस वाऱ्यानं उभे, शर्टाची बटणं खालीवर, पाठीला लॅपटॉपची पिशवी. मुस्तफाभाईंच्या फटफटीवर आले होते. स्कूटर अर्थात पंक्चर होती.

नर्सनं कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला. परत वाचला. पेन हातात धरून ठेवला.

"पेरणी झाली काय जी?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"मंग?"

"काही झालं त?" काका म्हणाले. "डोया गेला त? तुले काही झालं त?" आणि पाठीच्या पिशवीवर हात मारून म्हणाले, "मी लय पाह्यलं. त्याच्यात हे लिहाले जागाच नाही."

म्हणजे बॅटरी नव्हे, बियाणं नव्हे, पेरणी नव्हे. माणूस घाबरला होता. होळीच्या आधीपासून घाबरला होता, आणि एवढी कामं एकापुढे एक रचून त्यांच्यामागे बसला होता. मला आजवर तो आळशी वाटला होता. आळशी तर होताच, पण इतका घाबरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्याचा राग कसा करायचा ते मला कळेना.

"जागा नाही त नका लिहू," काकू म्हणाल्या. "सही करा. ते बाई उभी हाय."

काकांनी सही केली. कागदावर मुंगी रांगत गेल्यासारखी सही. नर्सनं काकूंना आत नेलं. काका बाकावर बसले आणि ऑपरेशन होईपर्यंत त्यांनी पिशवीची चेन उघडली नाही.

डोळा छान झाला. डॉक्टरांनी थेंब दिले, दिवसातून अनेकदा घालायचे, वेळा ठरलेल्या, चुकवायचे नाहीत. काकांनी त्याच दिवशी सगळे थेंब मशीनमध्ये घातले. मी मनात म्हटलं, झालं! आता थेंब सोयाबीनवर अडणार. थेंबांच्या वेळा मी माझ्या मोबाईलवर लावून ठेवल्या आणि वेळ झाली की जिन्यावरून खाली धावायची. दर वेळी बघते तर काकू उताण्या निजलेल्या, आणि काका हात साबणानं धुऊन, जीभ दातात धरून, एका बोटानं पापणी ओढून थेंब सोडताहेत. माझ्या आधी हजर. मग पाच मिनिटं घड्याळ बघत उभे राहायचे. दुसऱ्या बाटलीचा थेंब. मधल्या काळात पेरणीही झाली, ती तांड्यावरच्या भावानं केली. थोड्या दिवसांनी मी धावणं सोडून दिलं.

पेटीतून फेटिया निघाला. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर काकू ओट्यावर उजेडात बसायला लागल्या. आधीचे वाकडे आरसे त्यांनी उसवून परत लावले, आणि लावताना स्वतःलाच शिव्या घातल्या.

तीजेला तांड्यावर निघायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. नात पुण्याहून निघाली होती. काकू शेवटचा आरसा लावत होत्या. काका शेजारी बसले, कितीतरी आठवड्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. 'तांड्यावर जाणे' एवढं ॲड करायचं होतं.

पडदा उघडला आणि काका दचकलेच. वरपासून खालपर्यंत लाल. एकूण एक ओळ लाल. काकूंनी सुई थांबवली, मान वाकवून पडद्याकडे पाहिलं, आणि चष्म्याशिवाय, अडखळत, मोठ्यानं वाचायला लागल्या.

"सकायचे थेंब बाकी. दुपारचे थेंब बाकी. संध्याकायचे थेंब बाकी." खाली, अजून खाली. "बाप्पा! आप्रेशन झाल्यापासून एकबी थेंब नाही टाकला काय जी माह्या डोयात?"

काकांनी यादी आणखी खाली सरकवली. तिथंही लाल.

"मंग मले हे दिसून कसं राह्यलं?"

मी जिन्यात बसून हसत होते. काका मात्र हसले नाहीत. एखाद्या पोरानं गृहपाठ न केल्याचं कबूल करावं तसं खाली मान घालून ते म्हणाले, "नोंदवायचं राहून गेलं."